रुताचा अर्धा तास

गेल्या खेपेला तुम्ही दोघं आलात तेव्हा ओमने विचारलं होतं, की आपल्या मागच्या खोलीला सगळे रुताची खोली का म्हणतात, ही रुता कोण. तेव्हा तुमच्या बॅगा भरायच्या राहिल्या होत्या, आजोबांना टॅक्सी मिळत नव्हती, म्हणून मी "नंतर सांगते" म्हटलं. फोनवर असलं काही सांगून होत नाही. फोनवर आपण जेवलात का आणि थंडी किती आहे एवढं बोलतो, मग तुम्हाला कुठेतरी जायचं असतं. म्हणून लिहिते आहे. सानिकाला मराठी वाचता येतं. तिने ओमला वाचून दाखवावं, आणि अडेल तिथे बाबाला विचारावं.

रुता लिथुएनियाची. नकाशात पोलंडच्या वर बघा, समुद्राला टेकलेला लहानसा देश आहे. तिथली सगळी माणसं गोळा केली तरी मुंबईचा एक कोपरा जेमतेम भरेल, असं ती स्वतःच सांगायची. सांगताना तिला त्याचा अभिमान वाटायचा की वाईट, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. निवृत्त शिक्षकांना परदेशी शाळांत वर्षभर पाठवणारी एक संस्था होती, तिच्यातर्फे ती पनवेलजवळ विचुंब्याच्या पुढे एका ट्रस्टच्या शाळेत शिकवायला आली. शाळेला तिच्यासाठी खोली हवी होती. तुमच्या बाबाची खोली रिकामीच होती. आजोबा म्हणाले, घरात कुणी बोलणारं येईल. मी म्हटलं, बाथरूमच्या वेळा ठरवून घेऊ.

तिला बाथरूमच्या वेळा सांगायची गरज पडली नाही. माझ्याहून शिस्तीची बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. साठीला टेकलेली, उंच, पण खांद्यात वाकलेली. केस मुलासारखे कापलेले. मोठ्या खिशांचा सुती झगा घालायची. त्या खिशांत खडू, रुमाल आणि एक लहानशी सुरी, जिने ती पेन्सिलींपासून पेरूपर्यंत सगळं कापायची. गुडघे दुखायचे तिचे. बसताना "ओय" म्हणायची आणि उठताना पुन्हा "ओय" म्हणायची. दुपारी शाळेतून आली की बूट दाराशी काढून तिथेच स्टुलावर भिंतीला डोकं टेकून बसायची. "चहा?" विचारलं की डोळे न उघडता बोट वर करायची. बोट वर म्हणजे हो.

तिचं इंग्रजी मोडकं होतं. वयाच्या चाळिशीत रेडिओ ऐकून शिकलेलं. वाक्यं तुकड्या तुकड्यांनी यायची. मी इथे ती सरळ मराठीत लिहिते आहे, पण तुम्ही वाचताना मध्ये मध्ये थांबा, म्हणजे तिच्यासारखं ऐकू येईल.

तिचं एक पेटंट वाक्य होतं. काहीही बिघडलं की म्हणायची, "काही नाही. आज फक्त मंगळवार आहे." लाइट गेली, फक्त मंगळवार. रिक्षावाल्याने भलत्याच सेक्टरला नेऊन सोडलं, फक्त मंगळवार. तिच्या आईचं म्हणणं होतं, की मंगळवारी कधी काही मोठं घडत नाही, तेव्हा संकट आलं की तो मंगळवार आहे असं समजायचं आणि कामाला लागायचं. एकदा आजोबांनी न राहवून सांगितलं, "अहो, पण आज शनिवार आहे." ती म्हणाली, "ते कॅलेंडरवर."

आजोबांचं आणि तिचं एक वेगळंच प्रकरण होतं. तिची भाषा संस्कृतच्या जवळची आहे असं आजोबांनी कुठेतरी वाचलं. झालं. दात म्हणजे दांतिस, अग्नी म्हणजे उग्निस, धूर म्हणजे दूमाय, स्वप्न म्हणजे सापनास. रोज सकाळी पोहे खाताना एकेक शब्द विचारायचे आणि टेबलावर थाप मारायचे. बागेतल्या फिरायच्या ग्रुपमध्ये तिची ओळख "आपल्या नात्यातली" अशी करून द्यायचे. ती सहन करायची. एकदा मला हळूच म्हणाली, "मालती, भारतात मला जो पुरुष भेटतो तो हेच सांगतो. बायका विचारतात, जेवलीस का."

खाण्याचं तिचं फारसं अडलं नाही, कारण तिला शेपू सापडली. तुम्हाला जी भाजी ताटात दिसली की तुम्ही तोंड वाकडं करता, ती तिच्या देशात सगळ्यावर घालतात. पनवेलच्या बाजारात पहिल्यांदा शेपूची जुडी दिसली तेव्हा तिने ती नाकाशी धरली आणि तिथेच उभी राहिली. भाजीवाली म्हणाली, "बाय, पैसं दिल्याबिगर वास नको घेऊ, संपंल." मग उकडलेल्या बटाट्यावर शेपू, दह्यात शेपू, आणि बीट किसून ताकात घालून एक भडक गुलाबी थंड सार करायची, त्याच्यावरही शेपू. आजोबांनी ते सार पहिल्या दिवशी संस्कृतच्या नात्याखातर प्यायलं. नंतर त्यांना खरंच आवडायला लागलं.

एकदा जेवताना पावाचा तुकडा तिच्या हातून खाली पडला. तिने वाकून, "ओय" म्हणून, तो उचलला, त्याचा मुका घेतला आणि खाल्ला. आमच्याकडे बघून म्हणाली, "पाव पडला तर माफी मागायची." आजोबांना टेबलावर थाप मारायला आणखी एक कारण मिळालं.

फुलांचंही तिचं शास्त्र होतं. शिक्षकदिनाला मुलांनी तिला गुलाब दिले, ती ते मोजत बसली. सम निघाले. तिने त्यातला एक काढून शिपायाच्या हातात दिला. जिवंत माणसाला विषम फुलं द्यायची, मेलेल्याला सम. "मुलांनी मला चुकून मारलं," म्हणाली. मेलेल्यांबद्दल ती असं सहज बोलायची, जसं आपण शेजाऱ्यांबद्दल बोलतो. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

आता शाळेचं सांगते. ट्रस्टचे अध्यक्ष नानाशेठ. गावातलेच, पूर्वी घरची भातशेती, आता बिल्डर. माणूस मनाने चांगला, पण घाईतला. रुता येणार म्हटल्यावर त्यांनी नाक्यावर मोठा बॅनर लावला. तिचा हात जोडलेला फोटो आणि खाली "आता आपल्या मुलांना थेट परदेशी शिक्षिकेकडून अस्खलित इंग्रजी!" मी तो तिला वाचून दाखवला. तिने विचारलं, "अस्खलित म्हणजे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अरे बापरे. कोण येणार आहे?"

ती तिच्या देशात तिचीच भाषा शिकवायची, मराठीच्या बाई असतात तशी. इंग्रजी शिकवायला ती तयार झाली, पण एक अट घालून. शाळा सुटायच्या आधीचा शेवटचा अर्धा तास तिचा. त्यात ती तिच्या भाषेतली गाणी, खेळ, अंक, नमस्कार असं काय वाटेल ते शिकवेल. नानाशेठ हो म्हणाले. अर्ध्या तासात काय बिघडतंय, असं त्यांना वाटलं असणार.

मी दोन-तीनदा तो अर्धा तास पाहिला आहे. इंग्रजीच्या तासाला रुता खुर्चीत बसून असायची, मुलं "धिस इज अ बॉल" म्हणायची आणि सगळ्यांना, तिलाही, झोप यायची. मग शेवटचा अर्धा तास सुरू झाला की ती "ओय" न म्हणता उठायची. मुलं ओरडायची, "लाबास!" म्हणजे नमस्कार. मग अंक. विएनास, दु, त्रीस, केतुरी, पेन्की. बाकं सरकवून गोल करायची, गोलात फिरत अंक म्हणायचे, ज्याच्यावर दहा येईल तो मध्ये. तिच्या गावात बर्फ पडलं की घरात मुलांना गरम ठेवायला हा खेळ खेळायचे. इथे घामाच्या धारा लागलेल्या असायच्या आणि सगळे बर्फातला खेळ खेळायचे. श्रावणी नावाची एक मुलगी होती पाचवीतली, गावातल्या हिराआजींची नात. ती इतकी चढ्या आवाजात म्हणायची की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या.

एका रविवारी गॅलरीत बसलो होतो तेव्हा मी रुताला विचारलं, की एवढ्या लांब येऊन हा खटाटोप कशाला. त्या मुलांना ती भाषा पुन्हा कुठे भेटणार आहे?

त्या दिवशी नुकताच तिचा नातवाला फोन झाला होता. मुलगा आणि सून नोकरीसाठी आयर्लंडला गेलेले, नातू योनास तिथेच वाढलेला, तेव्हा ओमच्या आताच्या वयाचा. दर रविवारी दुपारी ती फोन लावायची. ती तिच्या भाषेत बोलायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. तिचं वाक्य लांब असायचं, त्याचं "फाइन, ग्रँडमा" एवढंच. दोन-तीन मिनिटांत संपायचं.

ती म्हणाली, "चाळीस वर्षं मी लोकांच्या मुलांना ही भाषा शिकवली. माझ्या मुलाच्या मुलाला ती नको आहे. सून म्हणते, त्याला येतच नाही, जबरदस्ती करू नका. मी जबरदस्ती करत नाही." मग म्हणाली, "कुणाच्या तरी मुलाने माझ्याशी त्या भाषेत ओरडावं असं वाटलं. कुणाच्याही. म्हणून आले. खर्च संस्थेचा."

मी उठून चहा ठेवला.

त्या वर्षी दिवाळी लवकर आली होती. भाऊबीज झाली, सुट्टी चालूच होती, पण गावातल्या काही मुली रुताकडे शाळेच्या पटांगणात खेळायला यायच्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे वेलिनेस नावाचा दिवस असतो. अख्खा देश संध्याकाळी कबरस्तानात जातो आणि आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावतो. ज्या कबरीला कुणी नाही तिच्यावरही कुणीतरी लावतंच. रुताने मुलींना हे सांगितलं. मुलींना ते फार आवडलं. तिने विचारलं, "तुमचे मेलेले कुठे असतात?" मुली म्हणाल्या, नदीकडे. आणि घरी दिवाळीच्या पणत्या उरल्या होत्याच.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल, किंवा आलंही नसेल, कारण तुम्ही इथे वाढला नाहीत. आपल्याकडे स्मशानात मुलांना नेत नाहीत, बायकाही जात नाहीत, आणि सणाच्या पणत्या तर तिथे कुणी स्वप्नातही नेणार नाही. या पोरींनी घरून तेल-वाती आणल्या आणि रुताला घेऊन नदीकाठी गेल्या. सूर्य मावळताना स्मशानाच्या कट्ट्याच्या कडेने ओळीने पणत्या लावल्या. मग रुताने त्यांना थोडा वेळ गप्प उभं राहायला सांगितलं. त्या गप्प उभ्या असताना पुलावरून जाणाऱ्या कुणीतरी फोटो काढला.

रात्रीच्या जेवणाआधी तो फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला. अंधारात पणत्या, पोरी, आणि मध्ये उंच गोरी बाई. त्यातच श्रावणीला ताप भरला. नानाशेठचा मला फोन आला. "मॅडम, तुमची पाहुणी पोरांना मसणात नेऊन काय करतेय, बघा जरा. उद्या दहाला शाळेत या. तिला घेऊन या. तुम्हीच बोला तिच्याशी, आम्हाला तिचं इंग्लिश कळत नाय."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये पालक जमले होते. बाप मंडळी मागे भिंतीला टेकून, आया पुढे खाली, आणि सगळ्यात पुढे हिराआजी, नऊवारी खोचून, मांडीवर तापाने लाल झालेली श्रावणी. रुताला खुर्ची दिली, ती बसली नाही. मी मध्ये. रिक्षातून येताना मी तिला सांगून ठेवलं होतं, की तुला आमची रीत माहीत नव्हती असं म्हण, विषय संपेल.

नानाशेठ म्हणाले, "विचारा, तिथं काय पूजा करत होती?"

मी विचारलं. रुता म्हणाली, "मला माहीत होतं, ती मेलेल्यांची जागा आहे. म्हणूनच गेले."

"हे मी सांगू?" मी विचारलं.

"तू दुभाषी आहेस ना?"

मी सांगितलं. मागून कुजबुज झाली. एक बाप म्हणाला, "पोरी घाबरल्या असतील."

"आमी नाय घाबरलो," दारातून कुणीतरी पोर ओरडली.

"गप गं, तुला कोण इचारतंय!"

तेवढ्यात हिराआजी बोलल्या. "बाय, दिवा कुनाच्या नावानं लावलास?"

रुता त्यांच्याकडे वळली, आणि मग माझ्याकडे न बघता सरळ त्यांच्याशी बोलू लागली. मी मागोमाग सांगत गेले. तिची आजी, आईची आई. रुताची आई लहान असताना रशियन सैनिक आले आणि आजीला इतरांबरोबर आगगाडीत घालून सायबेरियात घेऊन गेले. लेक मावशीकडे होती म्हणून राहिली. आजी परत आली नाही. कुठे गेली, कुठे पुरली, कुणाला ठाऊक नाही. रुताची आई दर वर्षी त्या दिवशी गावातली एखादी बेवारस कबर शोधायची, तिच्यावर दिवा लावायची आणि म्हणायची, तिकडेही कुणीतरी माझ्या आईच्या कबरीवर लावेल. आई गेल्यापासून रुता ते करते. या वर्षी ती इथे होती, म्हणून इथे.

हिराआजी श्रावणीच्या कपाळावर हात ठेवून ऐकत होत्या.

"म्हंजे तुमच्याकडंबी मेलेल्यांचा सण हाय," त्या म्हणाल्या. "आमची सर्वपित्री असते. पण आमी कावल्याला घास टाकतो आन घरान बसतो. तू उठून मसनान जातेस." बायका हसल्या. "लावलास त्याचं कय नाय. पोरींना नेलंस ते मात्र चुकलं. आमाला बोलवायचंस ना. आमचं तसंबी तिकडं जायाचं वय झालंय."

आता पुरुषही हसले. मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा रुताही हसली, उशिरा आणि एकटीच, त्यामुळे सगळे पुन्हा हसले.

मग हिराआजींनी मीठ, मोहरी, मिरच्या आणि निखारे मागवले. आधी श्रावणीची दृष्ट काढली. मग म्हणाल्या, "हिचीबी काढते, बस गं खाली." रुता "ओय" म्हणून जमिनीवर बसली. दृष्ट लागली असेल तर मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या तरी ठसका लागत नाही म्हणतात. श्रावणीच्या वेळी कुणी खोकलं नाही. रुताच्या वेळी अख्खा हॉल खोकायला लागला, नानाशेठचे डोळे वाहायला लागले. हिराआजी पदराने नाक दाबून म्हणाल्या, "हिला तर कायच लागलं नव्हतं!"

मला वाटलं संपलं. मी पर्सही उचलली.

नानाशेठ डोळे पुसत म्हणाले, "झालं ते झालं. गावाचा राग नाय. पण मॅडम, तिला सांगा, तो शेवटचा अर्धा तास आता बंद. तिथूनच हे सगळं निघालं. पुढच्या वर्षीचे प्रवेश करायचेत मला. पूर्ण वेळ इंग्लिश."

मी आजूबाजूला बघितलं. मघाशी हसलेल्या त्याच बायका होकाराची मान डोलावत होत्या. एक आई, चांगली समजूतदार, मला म्हणाली, "बाई वाईट नाय हो, पोरी जीव टाकतात तिच्यावर. पण ती भाषा शिकून खारघरच्या कॉलेजात कोण घेणार हाय का?" हिराआजी खाली वाकून सांडलेलं मीठ गोळा करत होत्या. त्यांच्या नातीला इंग्रजी यावं असं त्यांनाही वाटत होतंच.

मी रुताला सांगितलं. तिने मला पुन्हा सांगायला लावलं.

"दिव्यांचा राग नाही ना त्यांना?"

"नाही."

"मग अर्धा तास का?"

प्रवेश, पालक, इंग्रजी, सगळं मी समजावलं. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मग नानाशेठकडे वळून तिने हात जोडले, बॅनरवर होते तसे, आणि म्हणाली, "ओके, सर."

त्या दिवसानंतर मला तिचा एक स्वभाव कळला. ती रागावली की नियम पाळायची. अगदी काटेकोर. सकाळी मुलांनी "लाबास!" म्हटलं की ती म्हणायची, "गुड मॉर्निंग." श्रावणी बरी होऊन एकदा आमच्या बिल्डिंगखाली आली आणि विचारू लागली, की रविवारी इथे पार्किंगमध्ये खेळू या का. रुता म्हणाली, "नो. शाळेने नाही म्हटलंय." पोर खट्टू होऊन गेली. मी म्हटलं, "अगं, इथे कोण बघतंय?" ती म्हणाली, "आमच्या देशावर रशियनांचं राज्य होतं तेव्हा आम्ही असंच रागवायचो, मालती. ते जे सांगतील ते बरोब्बर करायचं. जास्त नाही, कमी नाही. त्यांना काही म्हणताच येत नाही."

मग उरलेले महिने तिने "अ" आणि "द" शिकवले. कुठे "अ बॉल", कुठे "द बॉल". तिच्या भाषेत हे शब्द नाहीत, आपल्याही नाहीत. ती स्वतः बोलताना नेहमी गाळायची. फळ्यावर मात्र एकही चुकला नाही. मुलं सुधारली, नानाशेठ खूश होते. ती घरी यायची, स्टुलावर बसायची, आणि चहा विचारला की बोट वर करायलाही वेळ लावायची. मार्चपासून उन्हाळा भडकला. समोरच्या प्लॉटवर टॉवरचं काम सुरू होतं, दिवसभर धूळ आणि ड्रिलचा आवाज. रात्री तिला झोप लागत नसे. पहाटेपर्यंत तिच्या खोलीतून येरझाऱ्यांचा आवाज यायचा. रविवारचा फोन आणखी लहान झाला. आजोबांनी शब्द विचारणं आपण होऊन थांबवलं. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी तिचं वर्ष संपलं. शाळेत निरोपसमारंभ झाला, शाल, नारळ, "थँक यू मॅम" असं एका सुरात. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मध्यरात्रीनंतरचं विमान. दुपारी जेवून ती सामान आवरत होती तेव्हा बेल वाजली. हिराआजी, श्रावणी आणि आणखी तीन-चार पोरी. हिराआजींच्या हातात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. "विमानात कय देत नाय चांगलं," त्या म्हणाल्या. वासाने आजोबा लगेच हॉलमध्ये आले.

पोरी आत येऊन दाटीवाटीने सोफ्यावर बसल्या. रुताने त्यांना "गुड आफ्टरनून" म्हटलं. त्यांनीही म्हटलं. एवढ्यात रुताचा फोन वाजला. तिच्या फोनची वेळ टळली होती म्हणून तिकडूनच आला होता. पडद्यावर योनास, झिपऱ्या कपाळावर, मागे आई कुणाशी तरी बोलत असलेली.

"हाय, ग्रँडमा. मॉम म्हणाली विचार, एअरपोर्टला कधी."

रुताने उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर श्रावणीने तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकं घातलं. "योनास?" तिने विचारलं. मग जिवाच्या आकांताने ओरडली, "लाबास!"

तो दचकला. बाकीच्या पोरी उठल्या. शाळा नव्हती, वर्ष संपलं होतं. त्यांनी सुरू केलं. विएनास, दु, त्रीस, केतुरी. फोनभोवती धक्काबुक्की करत, खेळातल्यासारख्या टाळ्या वाजवत. दहापर्यंत पोचल्या आणि पुन्हा सुरुवात केली.

"नो," योनास म्हणाला. "नो, नो. इट्स नॉट लाइक दॅट."

पोरी थांबल्या.

"सेप्तीनी," तो म्हणाला. शेवटावर जोर देऊन, अगदी रुता द्यायची तसा. "सेप्तीनी. अश्तुओनी. तुम्ही सगळा जोर आधीच्या अक्षरावर देताय."

"सेप्तीनी!" पोरी ओरडल्या.

"अजून चुकतंय."

मग ते सुरूच झालं. हा तिकडून एकेक अंक म्हणायचा, या इकडून ओरडायच्या, हा "नो" म्हणायचा. थोड्या वेळाने त्याचं "नो" गेलं आणि त्या जागी "ने" आलं, तिच्या भाषेतला नकार. मला तेव्हा कळलं नाही, आजोबांनी माझ्या हाताला कोपराने ढोसलं. मग त्याने दहाच्या पुढचे अंक सुरू केले, जे पोरींना कधी शिकवलेच नव्हते. मग कुठल्याशा प्राण्याचं नाव सांगितलं आणि हातांनी शिंगं करून दाखवली. श्रावणीने त्याला "बैल!" शिकवलं. तो ते म्हणू शकेना, पोरी खदाखदा हसल्या.

मी रुताकडे बघितलं तर ती सोफ्यावर नव्हती. फोन कधीच श्रावणीच्या हातात गेला होता. गॅलरीत माझी वेताची खुर्ची आहे, तिच्यात ती बसली होती, पाय समोरच्या कुंडीवर टेकून, झग्याच्या खिशात हात घालून. मान एका बाजूला कलली होती. मी पाणी घेऊन गेले तर ती झोपलेली. तोंड जरासं उघडं, श्वास लांब. समोर ड्रिल चालूच होतं. विमानाला अजून खूप वेळ होता, मी तिला उठवलं नाही.

हॉलमध्ये योनासने तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. पोरींनी एकमेकींकडे बघितलं. त्यांना ते येत नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं, इंग्रजीत नाही, त्याच भाषेत, जरा सावकाश. त्यात "मोचुते" असा शब्द होता. आजोबा हलकेच म्हणाले, "आजी. आजी कुठे आहे विचारतोय."

हिराआजी ओठांवर बोट ठेवून पोरींना म्हणाल्या, "गलका नका करू. निजलीय ती."

श्रावणी फोन दोन्ही हातांत धरून चवड्यांवर चालत दारापर्यंत आली आणि तिने तो गॅलरीकडे वळवला. पलीकडे योनास पडद्याच्या जवळ आला, इतका की नुसतं कपाळ आणि डोळे दिसत होते. त्याने फोन ठेवला नाही.